उलटा कूलर

नागपुरात मोटारीला हीटर बसवायचा म्हटल्यावर लोक हसणार, हे मी धरूनच चालले होते. आणि ते हसलेच. मे महिन्यात जिथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथली एक डॉक्टरीणबाई गाडीत शेगडी लावून घेते आहे म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. मी गाडी चालवायला शिकले तेव्हाही आमच्या नंदनवन वस्तीतले लोक आपापल्या फाटकाशी उभे राहून असेच हसले होते. पुढे त्यांच्याच सुनांच्या बाळंतपणांसाठी ती गाडी धावली, तेव्हा ते हसणं आपोआप बंद पडलं. तेव्हा हसणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

गाडी म्हणजे जुनी फोक्सवॅगन. इंजिन मागे, डिक्की पुढे. इकडे कामाला आलेला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी जाताना मला ती विकून गेला. या गाडीला रेडिएटर नाही, पाणी भरायची कटकट नाही, इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं, असं तो सांगत होता, आणि ते खरं निघालं. उन्हाळ्यात उमरेड रोडवर भल्या भल्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या आणि माझं हे कासव फटफट करत त्यांच्या बाजूनं निघून जायचं. मला त्या वेळी फार बरं वाटायचं, हे कशाला लपवू.

गाडीसोबत त्यानं एक लाकडी खोकंही दिलं होतं. त्यात पेट्रोलवर चालणारा हीटर होता. त्याच्या देशात बर्फ पडतं, तिथे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची ऊब पुरत नाही, म्हणून हा वेगळा. इथे आल्यावर त्यानं ते खोकं उघडलंही नव्हतं. मीही उघडलं नाही. ते आमच्या जिन्याखाली पडून राहिलं आणि माझी आई रंभाबाई त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवू लागली.

ते खोकं मी उघडलं ते सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, प्रेमिलासाठी.

दर गुरुवारी मी भिवापूरला बाया तपासायला जायची. तिथे मला दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्याच्या आदल्या जानेवारीत गावातल्या शालिकरामची बायको प्रेमिला तिथे बाळंत झाली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मुलगा झाला. इतकं लहान मूल जगवायचं तर त्याला सतत उबेत ठेवावं लागतं, आणि तशी बल्ब लावलेली काचेची पेटी माझ्याकडे नंदनवनातल्या दवाखान्यात होती. प्रेमिलात उठायचंही त्राण नव्हतं, म्हणून तिला तिथेच ठेवलं. पोराला कापसात गुंडाळलं, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि तिच्या सासूच्या, जिजाबाईच्या मांडीवर देऊन मी निघाले. उमरेड ओलांडलं आणि बाटल्या निवल्या. दारांच्या फटीतून वारा सुईसारखा आत येत होता. पाचगावच्या फाट्याशी मागून जिजाबाई म्हणाली, "बाई, पाय थंडे पडले."

नागपूर यायच्या आधीच ते गेलं. मी गाडी थांबवली नाही, कारण थांबून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागे जिजाबाई मात्र त्याच्या तळपायांवर तोंडाची वाफ घालत होती, शेवटपर्यंत. आजारानं माणूस जातं तेव्हा मला दुःख होतं. हे मूल आजारी नव्हतं. ते फक्त गारठलं होतं, आणि त्याचा मला संताप आला होता. तो संताप वर्षभर उतरला नाही.

आता प्रेमिलाला पुन्हा दिवस गेले होते, आणि पुन्हा थंडीचेच. आठवा लागला की नागपूरला येऊन राहा, असं मी तिला बजावलं होतं. पण पहिलं लवकर आलेल्या बाईचं दुसरंही लवकर येऊ शकतं, आणि पोटातलं मूल माझं ऐकून थोडंच थांबणार होतं. म्हणून मी आईच्या बरण्या बाजूला केल्या आणि खोकं नत्थूजीच्या दुकानात नेऊन ठेवलं.

नत्थूजीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. उन्हाळाभर तो कूलर बनवायचा आणि थंडीत काम नसलं की स्टोव्ह, मोटारी, पंप, जे येईल ते दुरुस्त करायचा. हात चांगला होता, पण तोंड त्याहून जोरात चालायचं. नागपुरातले अर्धे कूलर आपल्यामुळे चालतात आणि उरलेले अर्धे आपल्याला न विचारता बनवल्यामुळे बिघडतात, असं त्याचं मत होतं. त्यानं खोक्यातलं यंत्र बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं, पंखा बोटानं फिरवून पाहिला आणि जाहीर केलं, "बाई, हे तं उलटा कूलर आहे."

"म्हणजे?"

"कूलरमध्ये काय राहते? मागून पंखा हवा ओढते, हवा पाण्यातून जाते, थंडी होऊन समोर येते. इथं बी पंखा हवा ओढते. पाण्याच्या जागी आग. बाकी सारं तेच. जर्मनवाल्यायनं नवीन काही केलं नाही."

जर्मनांचा असा निकाल लावून तो कामाला लागला. जागा ठरलेलीच होती, पुढच्या डिक्कीत, पेट्रोलच्या टाकीच्या मागे. टाकीच्या शेजारी आग, या कल्पनेनं आमच्या गल्लीतल्या दोघातिघांनी आपल्या सायकली माझ्या फाटकापासून दूर लावायला सुरुवात केली. मला टाकीची भीती नव्हती. मला भीती धुराची होती. या यंत्रात दोन वारे असतात. एक आगीसाठी आत जातो आणि धूर होऊन स्वतःच्या नळीनं गाडीखाली बाहेर पडतो. दुसरा त्या तापलेल्या पत्र्याला बाहेरून घासून गरम होतो आणि गाडीत येतो. हे दोघं एकमेकांना भेटले की संपलं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली आणि सकाळी न उठलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या धुराला वास नसतो.

हे नत्थूजीला सांगितलं तर तो म्हणाला, "त्याच्यात काय एवढं. ट्यूबचं पंचर पाहतो तसं पाहू." त्यानं धुराच्या नळीचं एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप जोडला आणि अख्खं यंत्र, पंखा काढून, हौदात बुडवलं. एका सांध्यातून बुडबुडे आले. त्यानं झाळ मारली, पुन्हा बुडवलं. बुडबुडे थांबले. मी म्हटलं, अजून एकदा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या बापजाद्यांवर शंका घेतली होती. पण बुडवलं.

खरं भांडण झालं ते गवतावरून. डिक्कीतली हवा आत ओढणाऱ्या तोंडावर वाळ्याची ताटी लावायची, असा त्यानं हट्ट धरला. वाळा म्हणजे कूलरला लावतात ते सुगंधी गवत. आपल्याकडे त्याच्याशिवाय कुणाचाच उन्हाळा जात नाही.

"नत्थूजी, हा हीटर आहे. आगीजवळ गवत कुणी लावतं का?"

"आग कुठं, तोंड कुठं. मधात हातभर पत्रा आहे. बाई, भिवापूरचा रस्ता पाहिला का तुम्ही? लाल धूळ. ते सारी धूळ पोराच्या नाकात काहून घालता?"

हे मला पटलं, पण पटलं असं मी दाखवलं नाही. मी म्हटलं, लावा, पण मध्ये बारीक जाळी मारा, आणि ताटी कोरडी राहील. पाण्याचा एक थेंबही नको. गरम हवेत ओल कशाला?

"ओला केल्याबिगर वाळा कायचा? कोरड्या वाळ्यातून धूळ जातेच जाते."

"कोरडी," मी म्हटलं. "गाडी माझी आहे."

त्यानं पत्र्याचा एक डबा करून यंत्राच्या तोंडावर बसवला, त्यात ताटी घातली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिल्यांदा हीटर पेटवला तो डिसेंबरातल्या एका सकाळी, आमच्या फाटकात. आधी मी एकटीच काचा लावून आत बसले. आरशाला थर्मामीटर टांगलं होतं. पंखा घुमला, आत कुठेतरी भप् असा आवाज झाला आणि थोड्या वेळानं माझ्या पायांशी ऊब आली. पारा चढत गेला आणि माझ्या पेटीत असतो तिथवर येऊन पोचला. डोकं दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं. मग आई शाल गुंडाळून मागे येऊन बसली आणि बघता बघता तिची मान कलली. मला तो धूर आठवला. मी दार उघडून तिला गदागदा हलवलं, तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "झोपू दे ना वं. किती दिवसानं गुडघे दुखून नाही राहिले." त्यानंतर रोज सकाळी हीटर तपासायची आठवण तीच करायची.

जानेवारी आला. एका गुरुवारी भिवापूरला पोचले तर प्रेमिला माझ्या दारातच बसलेली, कंबर धरून. आठवा लागायला अजून आठवडा होता. मी त्या दिवशी मुक्काम केला. कळा थांबवायला जे करता येत होतं ते केलं, पण पोरीला बाहेर यायचंच होतं. उजाडता उजाडता ती आली. मूठभर, लालभडक, आणि आवाज मात्र खणखणीत. तिचा आवाज ऐकून मी मनात म्हटलं, ही मला हवी आहे. डॉक्टरनं असं म्हणायचं नसतं, पण मी म्हटलं.

या वेळी मी प्रेमिलालाही सोबत घ्यायचं ठरवलं. ती उभी राहू शकत नव्हती, पण बसू शकत होती. शालिकराम सामान घेऊन एसटीनं मागून येणार होता. पुढच्या डिक्कीत काडीही ठेवायची नाही, तिथे यंत्र आहे, असं त्याला मी स्पष्ट सांगितलं. गाडी आधीच सुरू करून आत ऊब केली. मग पोरीला कापसात घालून आणलं आणि जिजाबाईसमोर धरलं.

तिनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "माह्याजवळ देऊ नका, बाई."

"का?"

"एक माह्याच हातात गेलं. हे तिच्या मायजवळ द्या."

तिची मुद्रा पाहून मी वाद घातला नाही. आणि वेळही नव्हता. प्रेमिलाला मागच्या सीटवर टेकवून बसवलं, पोर तिच्या कुशीत दिली. जिजाबाई दुसऱ्या खिडकीशी अंग चोरून बसली. त्याआधी मी खोलीत सुया आणि औषधं गोळा करत होते, तेव्हा बाहेर डिक्कीचं झाकण आपटल्यासारखा आवाज आला खरा. मला वाटलं, गावची पोरं गाडी पाहत असतील. ती नेहमीच पाहायची.

बाहेर शेतांवर धुकं होतं. मिरचीची रास जिथे तिथे अंगणात वाळत घातलेली, त्यावर दव पडू नये म्हणून पोती टाकलेली. काचेच्या आत मात्र इतकी छान ऊब होती की मी स्वेटर काढून ठेवला. थर्मामीटरचा पारा पेटीइतका. मागे पोर शांत झोपलेली. मला नत्थूजीची आठवण आली आणि परत गेल्यावर त्याचं थोडं कौतुक करावं असंही मनात आलं. थोडंच, कारण त्याला फार केलं की तो आठवडाभर उतरत नाही.

उमरेडच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. तिथे गाडीनं दोनचार दणके खाल्ले. त्यानंतर थोड्या वेळानं प्रेमिलाला खोकला आला. मग जिजाबाईला. मग माझ्याच घशात काहीतरी खवखवलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला वाटलं, गेलं, झाळ सुटली, धूर आत आला. पण त्या धुराला वास नसतो, आणि हा वास तर मी लहानपणापासून ओळखत होते. हा तिखटाचा वास होता. नुसत्या मिरचीचा नाही, ताज्या कुटलेल्या भिवापुरी तिखटाचा.

मागे पोर शिंकली. एवढीशी शिंक, पण तिचं सगळं अंग त्यात हललं. मग तिचा श्वास अडकल्यासारखा झाला आणि ती रडू लागली.

मी हीटर बंद केला, गाडी कडेला घेतली, दोन्ही दारं सताड उघडली. थंडी एकदम आत घुसली. प्रेमिलाला उतरवणं शक्य नव्हतं, आणि पोरीला त्या हवेत क्षणभरही ठेवणं शक्य नव्हतं. मी पोर उचलली आणि वळसा घालून जिजाबाईच्या बाजूला आले.

"उतरा. हिला घ्या. लुगड्याच्या आत, अंगाला लावून. वाऱ्याकडे पाठ करा आणि गाडीपासून लांब जाऊन उभ्या राहा."

"मी नाही, बाई. मले जमत नाही. माह्या हातानं..."

"जिजाबाई," मी म्हटलं, आणि राग आला की माझी भाषा आपोआप तिच्यासारखी होते, "तुमच्या हातानं काही नाही झालं. थंडी होती. माही गाडी थंडी होती. तुमचा हात तं त्याले शेवटपर्यंत गरम करून राहिला होता, मी पाहून राहिली होती. धरा आता."

मग तिनं हात पुढे केले, पोर घेतली, चोळीशी लावली, वरून पदर, त्यावरून घोंगडी. आणि शेताच्या बांधाशी, धुऱ्याच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. पोरीचं रडणं घोंगडीखाली हळूहळू कमी झालं.

मी डिक्की उघडली. यंत्राच्या डब्याला टेकून एक फडक्याचं गाठोडं होतं, त्याची गाठ दणक्यांनी सैल झालेली, आणि सगळीकडे लाल. डब्यावर, ताटीवर, टाकीवर. तो पंखा ते सगळं प्रामाणिकपणे ओढून आमच्या तोंडावर सोडत होता.

"मीच ठेवलं," धुऱ्यावरून जिजाबाई म्हणाली. ती वळली नाही. "गेल्या साली तुम्ही रिकाम्या हातानं गेल्या. गडबडीत मी तुमच्या हातात काहीच नाही दिलं. बाळंतपणाच्या घरून कोणी रिकाम्या हातानं गेलं तं घरचं काही ना काही जाते. म्हणून या खेपेले आधीच कुटून ठेवलं होतं. तुम्ही नको म्हणसान म्हणून सांगितलं नाही."

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात शकुन-अपशकुन हा शब्द उंबऱ्याच्या आत आला नाही. जिजाबाईला सुनवायला माझ्याजवळ पुष्कळ होतं, अगदी जिभेवर. पण ती बाई वर्षभर स्वतःला दोष देत होती, कधी हाताचा, कधी रिकाम्या हाताचा, आणि या क्षणी ती थंडीत पाठ करून माझ्या रोग्याला जगवत होती. मी म्हटलं, "त्याचं मागून बोलू," आणि बाह्या वर केल्या.

परत भिवापूरला जायचं तर तिथे पेटी नाही. पुढे नागपूर तासाभराहून जास्त. हीटरशिवाय जायचं म्हणजे गेल्या वर्षीचंच. हीटर लावायचा म्हणजे तिखट. गाठोडं काढून फेकलं तरी ताटीत, डब्यात, नळीत जे शिरलंय ते थोडं थोडं येतच राहणार. मी ताटी झटकली, तर शिंका येऊन डोळेच उघडेनात. आणि तिथे उभ्या उभ्या मला मे महिन्यातलं आमचं घर आठवलं. बाहेर वावटळ सुटलेली, गल्लीत पलीकडचं दिसत नाही इतकी धूळ, आणि आत कूलरसमोर आईची पांढरी चादर तशीच पांढरी. ताटी ओली असते म्हणून. ओल्या वाळ्यातून धूळ पलीकडे जात नाही. नत्थूजी हेच तर सांगत होता, आणि मी गाडी माझी आहे म्हणून त्याचं तोंड बंद केलं होतं. तो इथे नव्हता, एवढं एक बरं होतं.

माझ्यासोबत नेहमी उकळलेल्या पाण्याची कॅन असायची. निम्मं पाणी मी ताटी धुण्यात घालवलं. लाल पाणी निथळून निथळून पिवळं झालं, मग स्वच्छ. डिक्की ओल्या फडक्यानं पुसून घेतली. ताटी पुन्हा डब्यात बसवली, ओलीचिंब, आणि आग न पेटवता नुसता पंखा लावला. पहिल्या झोताला सीटवर लाल भुकटी उडाली. प्रेमिलानं पदरानं तोंड झाकलं होतं. मग भुकटी थांबली. मी वाकून माझंच तोंड झोतासमोर धरलं, आणि धरून ठेवलं. खोकला आला नाही. आला तो वाळ्याचा वास, थंड, ओला, भर जानेवारीत मे महिन्याचा.

दारं लावली, आग पेटवली. ऊब यायला लागली, आणि ती पहिल्यासारखी कोरडी नव्हती. पेटीत मी मुद्दाम पाण्याची वाटी ठेवते, लहान मुलाचा श्वास सुकू नये म्हणून. हे माझंच शिक्षण, आणि गाडीत मी तेच विसरले होते. पारा पुन्हा चढला.

गाठोडं राहिलं होतं. मी ते पुन्हा घट्ट बांधलं, मेणकापडात गुंडाळलं, आणि दोरीनं मागच्या बंपरला बाहेरून बांधून टाकलं. जिजाबाई धुऱ्यावरून पाहत होती.

"रिकाम्या हातानं जाऊन नाही राहिली मी," मी म्हटलं. "पण हे बाहेर बसन. चला आता."

ती येऊन बसली. प्रेमिलानं पोरीसाठी हात पुढे केले. जिजाबाई म्हणाली, "झोप वं तू. आहे माह्याजवळ." आणि पदर आणखी ओढून घेतला.

उमरेड गेलं. प्रेमिलाची मान खिडकीला टेकली होती. मी आरशात पाहत होते तो जिजाबाईचा चेहरा, आणि ती खाली पदरात पाहत होती. पोरीचा आवाज येत नव्हता. झोपली असेल, मी स्वतःला सांगितलं. थांबून बघावं असंही वाटलं, पण दार उघडलं की थंडी आत येणार, म्हणून चालवत राहिले. माझा आत्मविश्वास भिवापूरपासून उमरेडपर्यंत चांगला टिकला होता. त्यापुढे तो टिकवणं मला जड गेलं, हे सांगायला हवं.

पाचगावचा फाटा दिसला. तोच आंबा, तीच टपरी. मागून जिजाबाई म्हणाली, "बाई."

मी आरशात पाहिलं. "काय झालं?"

"मले घाम येऊन राहिला."

तिनं पदरात हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "पोरीले बी आला. मानेपाशी. काच जराशी खाली करू का?"

"बोटभर," मी म्हटलं. "जास्त नाही."

नंदनवनात शिरलो तेव्हा नत्थूजी दुकानापुढे ऊन खात उभा होता. त्यानं बंपरला लटकलेलं गाठोडं पाहिलं, गाडीतून आलेला वास घेतला, आणि डिक्कीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहून त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं. मी काच खाली करून म्हटलं, "बोलू नका. मला माहीत आहे." तो बोलला नाही, पण पुढची दोन वर्षं तो गल्लीत सगळ्यांना तेच सांगत होता.

पेटी तयार होती. मी जिजाबाईसमोर हात पसरले. तिनं पोर लगेच दिली नाही. घोंगडी बाजूला केली, कापसातून तो एवढासा पाय बाहेर काढला आणि माझ्याकडे केला. "थर्मामीटर मंग लावा. आधी हात लावून पाहा."

पाय गरम होता. गरम आणि किंचित ओलसर, आणि मी धरला तसा त्यानं माझ्या बोटाला लाथ मारली. मला रडू आलं. जिजाबाई रडत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिचे दोन्ही हात पदराबाहेर होते.

"गरम आहे ना?" तिनं विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं, आणि पोरीला तिच्या हातातून घेऊन पेटीत ठेवलं.